लिप ग्रिपर: मासा धरायचा कसा, सोडायचा कसा

रेवदंड्याच्या खाडीत ओहोटी लागून अर्धा तास झाला होता. पुलाच्या खांबाजवळ टाकलेल्या ल्युअरवर, म्हणजे खोट्या आमिषावर, जिताडा लागला, अडीच किलोच्या आसपासचा. दोन उड्या मारल्या, खांबाकडे एकदा जोरात ओढ घेतली आणि मग होडीशी आला. व्हिडिओत बघितलं होतं तसा मी त्याच्या तोंडात अंगठा घातला आणि खालचा जबडा धरला. त्याने फक्त एकदा मान झटकली. ल्युअरला पुढे एक आणि मागे एक असे दोन तीन-तोंडी गळ होते. पुढचा त्याच्या जबड्यात होता, मागचा माझ्या अंगठ्याच्या बुडात गेला. आता मासा आणि मी एकाच ल्युअरला अडकलेले, आणि त्याची प्रत्येक झटक माझ्या हाडापर्यंत येत होती.

होडीवाल्या काकांनी ओलं गोणपाट माशाच्या डोळ्यांवर टाकलं, पक्कडीने गळ आणि ल्युअरमधली कडी कापली आणि आम्हा दोघांची ताटातूट केली. गळ डॉक्टरांनी काढला. त्याच आठवड्यात मी लिप ग्रिपर, म्हणजे माशाचा जबडा धरायचा चिमटा, घेतला.

मग दुसरी चूक केली. पुढच्या जिताड्याला ग्रिपर लावला आणि फोटोसाठी तो हवेत उभा टांगला, जसे सगळे टांगतात. काका म्हणाले, "अरं, कनाला टांगतंस त्याला? सोडायचा हाय ना?" मला ते तेव्हा कळलं नाही. कळायला थोडं वाचावं लागलं आणि बरेच मासे हाताखालून जावे लागले. ग्रिपर हे मासा पाण्यात स्थिर धरून ठेवायचं हत्यार आहे, त्याला मासा लटकवायचा नसतो. पुढचं जवळपास सगळं या एका गोष्टीवरून येतं.

हे यंत्र नेमकं करतं काय

ग्रिपरचे मुख्य प्रकार दोन. एक प्लास्टिकचा, पक्कडीसारखा: मूठ दाबली की चिमटा मिटतो. हा हलका असतो, बहुतेक वेळा पाण्यावर तरंगतो आणि काही शे रुपयांत मिळतो. दुसरा नळीसारखा, स्टीलचा किंवा अॅल्युमिनियमचा. त्याची कडी मागे ओढली की पुढचे दोन वाकडे जबडे उघडतात आणि सोडली की स्प्रिंगने मिटतात. याची खुबी अशी की मासा जितका खाली ओढेल तितकी पकड घट्ट होते. बोगा ग्रिप हा या जातीतला जुना आणि महागडा अमेरिकन नमुना. बाजारातले बाकीचे बरेचसे त्याच घडणीवर बेतलेले असतात. आत वजनकाटा असतो आणि चांगल्या ग्रिपरचं डोकं स्वतःभोवती फिरतं.

हे फिरणारं डोकं चैनीची वस्तू नाही. होडीजवळ आलेला मासा गिरकी घेतो. डोकं फिरत नसेल तर ती सगळी पिळवट त्याच्या जबड्यावर येते, नाहीतर तुमच्या मनगटावर. दुकानात घेताना ग्रिपर हातात धरा आणि त्याचे जबडे दुसऱ्या हाताने फिरवून बघा. अडखळत फिरला तर ठेवून द्या. जबड्यांची टोकं बोट फिरवून तपासा. ती गोल आणि रुंद हवीत. स्वस्त मालात कापलेल्या पत्र्यासारखी धार राहून गेलेली असते आणि तिने पहिल्याच माशाला भोक पडतं.

कुठल्या माशाला लावायचा

इथे बहुतेकांचं चुकतं. ग्रिपर हातात आला की दिसेल त्या माशाला लावला जातो.

तो शोभतो कुणाला? ज्याचा खालचा जबडा हाडाचा आणि मजबूत आहे आणि ज्याच्या तोंडाशी हात नेणं धोक्याचं आहे, अशाला. जिताडा त्यातला पहिला. गोव्यात हाच चोणक. त्याचे दात कानशीसारखे बारीक, अंगठ्याची साल काढण्यापुरते. खरा धोका कल्ल्याच्या झाकणाचा: त्याची कडा ब्लेडसारखी असते. कल्ल्यात बोटं घालून जिताडा उचलणाऱ्याने बोटं कापून घ्यायची तयारी ठेवावी. तांबाला पुढे सुळे असतात आणि तो चावतो. हेकरूचा जबडा दणकट, तिथे ग्रिपर बरा बसतो. गोड्या पाण्यात मरळ: दात तीक्ष्ण, अंग बुळबुळीत आणि ताकद अचाट. तिला हाताने धरणं म्हणजे साबणाची वडी धरणं.

शिंगाळ्यालाही ग्रिपर चांगला, पण कारण वेगळं. त्याच्या पाठीवरच्या आणि छातीच्या परांना काटे असतात आणि ते विषारी असतात. ग्रिपरने तोंड धरलं की काट्यांपासून हात लांब राहतो. मात्र शिंगाळा भोवऱ्यासारखा फिरतो, तेव्हा न फिरणाऱ्या डोक्याचा ग्रिपर त्याला लावू नका.

आता कुणाला नाही. रोहू, कटला, मृगळ, महाशीर. या सगळ्यांचं तोंड पुढे नळीसारखं बाहेर येणारं, ओठ मांसल आणि जबड्यात दात नाहीत (दात असतात ते घशात). म्हणजे तुमच्या हाताला धोका जवळपास शून्य, आणि ग्रिपरने त्या ओठांची चिंधी होण्याचा धोका मात्र पुरेपूर. महाशीरच्या बाबतीत तर हे फारच वाईट दिसतं. टाटा पॉवरने लोणावळ्याजवळ वळवणला १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवून नद्या-तलावांत सोडली आहेत, आणि आपण त्यातलाच एखादा धरून ओठ फाडून परत सोडायचा! या माशांना रबरी जाळी आणि ओला हात पुरतो.

काळुंदर, तिलापिया असल्या लहान तोंडाच्या माशांना ग्रिपरचं काम नाही. समुद्री वाम ग्रिपरमध्ये धरली तर दोरीसारखी त्याला वेटोळं घालते आणि स्वतःचाच जबडा मोडून घेऊ शकते. खायची नसेल तर गळाजवळ तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर) कापा. पाकटालाही तसंच.

टांगल्याने होतं काय

ऑस्ट्रेलियात जिताड्यावरच, म्हणजे तिकडच्या बारामुंडीवर, प्रयोग झाला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. काही मासे ग्रिपरने धरले, काही बिनगाठीच्या जाळीत. ग्रिपरवाल्यांपैकी बहुतेकांच्या खालच्या जबड्याच्या आतल्या पातळ पडद्याला भोक पडलं. एक्स-रे काढले तेव्हा ग्रिपरने उभ्या टांगलेल्या माशांत मणक्यांची रांग हललेली दिसली, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तरी ती पूर्ववत झालेली नव्हती. त्याआधी बहामा बेटांवर बोनफिश या नरम तोंडाच्या माशावर असाच अभ्यास झाला होता. तिथे पाण्यातल्या पाण्यात ग्रिपर लावलेल्या माशांचीही तोंडं मोठ्या प्रमाणात जखमी झाली.

कारण उघड आहे. माशाला जन्मभर पाणी तोलून धरतं. त्याच्या सांध्यांना स्वतःचं वजन कधी पेलावंच लागत नाही. पाच किलोचा मासा जबड्यावर टांगला की ते सगळं वजन दोन-तीन बारीक सांध्यांवर आणि गळ्याखालच्या पट्टीवर येतं. ही पट्टी म्हणजे दोन्ही कल्ल्यांची झाकणं खाली जिथे एकत्र येतात ती जागा. जिताडा भक्ष्य चावत नाही, तोंड झटकन उघडून पाण्यासकट आत ओढतो. रात्री खाडीत 'डब्ब' असा आवाज येतो तो त्याचाच. ती पट्टी फाटली की तोंडात ओढ धरत नाही. असा मासा सोडल्यावर ऐटीत पोहत जातो, आपण टाळ्या वाजवतो आणि त्याची उपासमार आपल्याला दिसत नाही.

आणि जिताड्याचं आणखी एक. तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मिरवण्यासाठी जो सगळ्यात मोठा मासा आपण टांगतो ती बहुधा अंड्यांची मादी असते, आणि वजन जास्त म्हणून इजाही तिलाच जास्त.

गळ टाकण्याआधी

ग्रिपर, लांब चोचीची पक्कड, तार कापणारी कात्री आणि जाळी हाताशी, झाकण उघडून. मासा होडीला लागल्यावर पिशवीची चेन शोधायची नसते. तुम्ही सोडणारे असाल तर गळाचा काटा, म्हणजे टोकाजवळचा उलटा दात, पक्कडीने दाबून सपाट करा. मासे सुटतील अशी भीती वाटते. दोर ताणलेला ठेवला तर फारसे सुटत नाहीत, आणि माझ्या अंगठ्याने शिकवलेला धडा सांगतो की हा दाबलेला गळ तुमच्याही हातातून सहज निघतो. ग्रिपरची दोरी कमरेच्या पट्ट्याला अडकवा किंवा तिला एखादा तरंगता ठोकळा बांधा. मनगटाला वेढे देऊन बांधू नका. होडीत बसून आठ-दहा किलोचा मासा मनगटाला बांधलेला असणं ही काही मजेची गोष्ट नाही.

धरायची रीत

१. मासा दमू द्या, पण मरेस्तोवर खेळवू नका. बारीक तंगूस लावून अर्धा तास झुंजवलेला मासा सोडल्यावर जगेल याची खात्री नाही, मग तुम्ही त्याला कितीही मऊ हाताने धरा. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, तेव्हा दोर जाड ठेवा आणि लवकर आणा.

२. मासा आडवा होऊन कुशीवर आला की रॉड एका हातात मागे आणि वर, ग्रिपर दुसऱ्या हातात. दोराला हाताने धरून मासा ओढू नका.

३. आधी ल्युअर बघा, मग मासा. तीन-तोंडी गळ कुठे लटकतोय? तो ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूने ग्रिपर न्या. माशाने झटका दिला तर गळ कुठे जाईल, हे आधी मनात ठरवा.

४. ग्रिपर उघडा आणि खालच्या जबड्याच्या अगदी पुढच्या टोकाला, हनुवटीच्या मधोमध, हाडावर लावा. एक पाता तोंडात, एक बाहेर. जिताड्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा थोडा पुढे आलेला असतो, त्यामुळे ही जागा सापडायला सोपी. जिभेच्या बुडापर्यंत आत नेऊ नका. तिथेच तो पातळ पडदा असतो. बाजूला, गालाकडेही नको, तिथे जबडा तिरका ओढला जातो. वरच्या ओठाला तर कधीच नाही.

५. मिटला की लगेच उचलू नका. दोन-तीन सेकंद तसाच पाण्यात धरा. बहुतेक मासे इथे एकदा जोरात झटकतात किंवा गिरकी घेतात. घेऊ द्या, डोकं त्यासाठीच फिरतं. तुमचा हात सैल, माशाबरोबर जाणारा हवा. ताठ हाताने झुंजलात तर जबडा हरतो.

६. गळ पाण्यातच काढा. मासा होडीच्या कडेला, डोकं पाण्यापासून वीतभर वर, बाकी अंग पाण्यात. पक्कडीने गळाची वाकण, म्हणजे गोलाईचा तळ, धरा आणि गळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने उलटा फिरवून बाहेर काढा. सरळ ओढू नका. घशात खोल गेलेला साधा गळ उकरत बसण्यापेक्षा तंगूस जितका जवळून कापता येईल तितका कापलेला बरा.

इथपर्यंत आलात तर नव्वद टक्के वेळा मासा पाण्याबाहेर काढायची गरजच उरत नाही. ग्रिपर उघडा, गेला.

उंच धक्क्यावरून किंवा पुलावरून गरवणाऱ्यांची अडचण वेगळी. ग्रिपर दोरीला बांधून खाली सोडणारे आणि त्यानेच मासा दोन पुरुष उंच ओढून घेणारे मी पाहिले आहेत. खायला नेणार असाल तर तुमची मर्जी. सोडायचा असेल तर दोरीला बांधलेली गोल जाळी खाली सोडा, तिच्यातून वर घ्या आणि तिच्यातूनच परत उतरवा. वरून फेकलेला मासा पाण्यावर आपटतो, त्याला सूर मारता येत नाही.

फोटो आणि वजन

फोटो काढायचाच, मला मान्य आहे. पण कॅमेरावाला तयार झाल्यावर मासा उचलायचा, उचलल्यावर कॅमेरा शोधायचा नाही. दोन्ही हात ओले करा. एका हातात ग्रिपर, दुसरा हात पोटाखाली, मागच्या बाजूला, गुदद्वाराच्या जवळपास. मासा आडवा, वजन खालच्या हातावर. ग्रिपरवाल्या हाताने फक्त दिशा धरायची, भार घ्यायचा नाही. उचलताना स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला सोडावासा वाटला की मासा पाण्यात. कोरडे हातमोजे, टॉवेल, उन्हात तापलेली होडीची फळी: या तिन्हींनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर म्हणजे त्याची त्वचेवरची ढाल.

वजनाचा मोह सगळ्यात वाईट, कारण काटा ग्रिपरमध्येच आहे आणि तो मासा टांगल्याशिवाय चालत नाही. दोन मार्ग आहेत. पहिला: मऊ ताडपत्रीची झोळी शिवून घ्या, ओली करून ग्रिपरला अडकवा, तिचं वजन बघा, मग मासा झोळीत आडवा ठेवून वजन बघा आणि वजाबाकी करा. काट्यावर विश्वास ठेवायच्या आधी घरी पाच लिटरचा कॅन पाण्याने भरून टांगा. पाच किलो अधिक कॅनचं वजन दाखवायला हवं. माझा पहिला काटा जवळपास अर्धा किलो उदार होता, त्यामुळे त्या वर्षीचे माझे सगळे विक्रम रद्द समजावेत.

दुसरा मार्ग टेपचा. तोंडापासून शेपटीपर्यंतची लांबी आणि सगळ्यात जाड जागेचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि २९,००० ने भागा. किलोमध्ये अंदाज मिळतो. ७० सेंटिमीटर लांब, ४२ घेर: ७० × ४२ × ४२ म्हणजे १,२३,४८०, भागिले २९,००० म्हणजे सव्वाचार किलो. गप्पा मारायला एवढं पुरतं.

सोडताना

मासा आडवा, तोंड प्रवाहाकडे. भरती असो की ओहोटी, पाणी समोरून तोंडात जाऊन कल्ल्यांतून बाहेर पडलं पाहिजे. पुढे-मागे ढकलत पंप मारल्यासारखं करणं ही आपल्याकडची फार रुळलेली सवय आहे, पण मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. नुसतं धरून ठेवा. या वेळी ग्रिपर सैल धरा किंवा काढून टाका आणि एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या देठाशी ठेवा. शेपटी हातात घट्ट वळवळायला लागली की तो स्वतः निघतो. त्याआधी सोडलात तर कुशीवर होऊन तरंगेल आणि वर घारी असतातच.

आणि घरी नेणार असाल तर

आपल्यातले बहुतेक जण नेणारेच आहेत, त्यात लाज कसली. इथे ग्रिपर खरा कामाला येतो: मासा तोंडाने पक्का धरा, डोळ्यांच्या जरा मागे, डोक्याच्या माथ्यावर लाकडी दांड्याने एक जोराचा फटका द्या, मग कल्ल्याखालची शीर कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ घातलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवा. होडीच्या तळात तडफडून मेलेल्या आणि असा मारलेल्या जिताड्याच्या कालवणातला फरक पहिल्या घासाला कळतो.

हाताला लागलं तर

शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. वेदना उतरते. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, धड हाताने बघा, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. काटा आत मोडला असेल तर दवाखाना.

गळ काट्यासकट आत गेला असेल तर ओढाओढ करू नका, बाहेरचा भाग कापा आणि डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. खरचटलेलं असलं तरी गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात, आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना ते थोड्याच वेळात जिवावर बेततात. जखमेभोवतीची लाली झपाट्याने पसरतेय, सूज, ताप: यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, आणि मासा धरताना लागलंय हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

ग्रिपरची निगा

खाडीतून आल्यावर गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, कडी पन्नास वेळा मागेपुढे करा, वाळवा आणि स्प्रिंगवर तेलाचे दोन थेंब सोडा. मी पहिल्या ग्रिपरला हे केलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याचे जबडे मिटले ते मिटलेच, आणि डोकंही फिरेनासं झालं. फेकायला निघालो तर काकांनी मागून घेतला. आता तो त्यांच्या होडीच्या आडव्या काठीला बांधलेला आहे आणि रात्री त्याला बॅटरीचा दिवा टांगतात. टांगायच्या कामाला तो अजून चांगला आहे.